किटलीवाल्या सिनेमाला जमलेली गर्दी

मी वारलो ही बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली.

त्यात दोष तसा कुणाचाच नाही. असलाच तर जुन्या लढाईच्या सिनेमांचा. आम्हा नवरा-बायकोला त्यांचं भारी वेड! कागदाच्या मिलमध्ये नोकरीला होतो तेव्हा तिथल्या क्लबात शनिवारी पडदा लागायचा, आणि आम्ही सतरंजीवर मांडी घालून जगातली झाडून सगळी युद्धं बघायचो. सिनेमाचं नाव कधी लक्षात राहिलं नाही. (आमची ही पोळ्या आटपून येईपर्यंत नाव येऊन गेलेलं असायचं.) त्यामुळे आमच्या घरात सिनेमाला नाव नव्हतं, वस्तू होती. खेचरवाला, बुटवाला, दुर्बीणवाला आणि सगळ्यांत लाडका किटलीवाला.

हिने तर लढाईच्या सिनेमांचं शास्त्रच बनवलं होतं. “ज्यानं खिशातून बायकोचा फोटो काढला, तो गेला म्हणून समजा!” “घरी गेल्यावर विहीर खोदणार म्हणतोय ना? नाही खोदत तो!” “जाड्या आचाऱ्याची काळजी करू नका, त्याला काही होत नाही.” पुढच्या रांगेतले साहेब वळून बघायचे. हिचं शास्त्र एकदाही चुकलं नाही, त्यामुळे साहेबांना जास्तच राग यायचा.

किटलीवाल्यात बर्फातलं एक ठाणं आहे, सहा शिपाई आहेत आणि एक किटली. शत्रू बराच वेळ येतच नाही. नुसती वाट बघणं! गोळीबार काय, कुठल्याही सिनेमात असतो. पण हे सहा जण रोज पाळीपाळीने चहा करतात, आणि एकेक जण कमी होत जातो तरी चहाचे मग मात्र सहाच मांडतात. ते मग बघितले की मी हिचा पदर डोळ्यांना लावायचो. शेवट तर मला बघवायचाच नाही. मी डोळे घट्ट मिटून घ्यायचो आणि ही कानाशी पुटपुटत सांगायची, “आता तो दार उघडतोय... थांबा... अजून उघडू नका डोळे.”

ती जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून किटलीवाला लावतो आणि शेवट जवळ आला की बंद करतो. सकाळी चहाला अजून दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. खरं सांगतो, मला सिनेमा नकोच होता. तो संपेपर्यंत शेजारी कुणीतरी बसलेलं हवं होतं.

मुलगा निखिल पुण्याला असतो. दिवाळीत त्याने भिंतीवर सिनेमा दाखवायचं यंत्र पाठवलं. “बाबा, एकटे बघू नका. कॉलनीतल्या लोकांना बोलवा, मस्त टाइमपास होईल.” तो स्वतः मात्र आला नाही. रजा नव्हती. “कामाचं बघ रे, माझं काय अडलंय,” मी म्हटलं. (हे वाक्य मी इतक्या सराईतपणे म्हणतो की मलाच खरं वाटतं.)

तर मी बेत आखला. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळीच टाकलं, ‘आज सायंकाळी माझ्या अंगणात युद्धपट. सर्वांनी यावे.’ कुणाचंच उत्तर आलं नाही. मी रोज पहाटे त्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवतो, म्हणून सगळ्या कॉलनीने माझा आवाज बंद करून ठेवलाय हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग टेंटहाउसवाल्या सलीमभाईंना फोन लावला.

“सलीमभाई, सतरंज्या पाहिजेत. आजच.”

“कुर्सी कितनी काका?”

“खुर्च्या नकोत. लोक खालीच बसतील.”

“और?”

“एक पांढरी चादर. मोठी, कोरी. डाग नको.”

“माइक?”

“छे! कुणी बोलायचंच नाहीये.”

“समझ गया काका,” सलीमभाईंचा आवाज एकदम खाली आला. “आप फिकर मत करो. पैसे की बात अभी नहीं. मैं सब करवा देता हूँ.”

किती भला माणूस, मला वाटलं! आता आमच्या बुऱ्हानपुरात लग्न असो, मुंज असो, वाढदिवस असो, खुर्च्या लागतातच. खुर्च्या नकोत, माइक नको आणि पांढरी चादर हवी, असा कार्यक्रम माणसाच्या नशिबी एकच असतो. पण मी क्लबातल्या सतरंजीवर वाढलेला प्रेक्षक, माझ्या डोक्यात हे यावं कुठून?

दुपारी सलीमभाईंची पोरं सतरंज्या अंथरून, चादर टांगून गेली. बाजारात जाण्याआधी मी आणखी एक शहाणपणा केला. हिचा आवडता सिनेमा, मग ही नको का? म्हणून भिंतीवरचा तिचा फोटो काढून अंगणात स्टुलावर ठेवला, ताजा हार घातला. पंचाईत एवढीच की हिचा एकटीचा फोटो आमच्याकडे नाही. मिलच्या सहलीला काढलेला आहे तो दोघांचा. हार हिला घालतो, पण पडतो दोघांवर. घरात मला त्याची सवय झालीय. घराबाहेर कुणाला नव्हती.

मग कानटोपी चढवली, मफलर गुंडाळला (थंडी मरणाची होती) आणि स्कूटर काढून मावा जिलेबी आणायला बाजारात गेलो. मोबाइल घरातच राहिला, चार्जिंगला. दुकानात ही गर्दी! आमच्या गावात माणूस एक वेळ मुलीच्या लग्नाला उशिरा जाईल, पण जिलेबीच्या रांगेतला नंबर सोडणार नाही. मीही चांगले दोन तास सोडला नाही.

तेवढ्यात इकडे पाटीलवहिनी देवळातून परतल्या. हे पाटील आमचे शेजारी, बहादरपूरला केळीची मोठी बाग. वहिनींनी बघितलं, अंगणभर सतरंज्या, मयताला आंघोळ घालायला आडोसा करतात तशी टांगलेली पांढरी चादर, हार घातलेल्या फोटोतून बघणारा मी, दाराला कुलूप आणि आत एकसारखा वाजणारा मोबाइल. (सलीमभाई करत होते, फुलं किती लागतील विचारायला.) वहिनींनी तिथेच फतकल मारून हंबरडा फोडला आणि ग्रुपवर टाकलं, ‘काका गेले.’

माझं आमंत्रण सकाळपासून कुणी उघडलं नव्हतं. हे मात्र कॉलनीने एका दमात वाचलं!

मी आलो तेव्हा अंगण गच्च भरलेलं. फाटकाबाहेर चपलांचा ढीग. माझा ऊर भरून आला! निखिल म्हणाला ते खरंच होतं, नुसतं बोलवायचा अवकाश. आणि काय शिस्त! कुणी हूं की चूं करत नव्हतं. पुढे जायला वाटच नव्हती, म्हणून मी जिलेबीचा पुडा मांडीवर घेऊन सगळ्यांत मागे बसलो. माझ्याच घरी मला मागची जागा मिळाली याचा मला कोण आनंद!

शेजारी पाटलांचे जसोंडीचे सोयरे बसले होते. आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो.

“लई चांगला माणूस व्हता म्हणतात,” ते हळूच म्हणाले.

माझ्या डोळ्यांपुढे किटलीवाल्यातला हवालदार. “हो ना. सगळ्यांना चहा पाजायचा.”

“पण एकटाच व्हता ना शेवटी?”

“शेवटी एकटाच राहतो,” मी म्हटलं. “बाकीचे गेले ना आधी.”

“दवाखान्यातून अजून आणलं नही म्हणे. पोरगं पुण्याहून निघालंय. जिवंतपणी याले टाइम नही भेटला, आता पळतंय.”

किटलीवाल्यात पुणं कुठून आलं? मी टोपी वर सारून पुढे नीट बघितलं. पडद्यापुढे भटजी बसले होते. पाटील कुणाला तरी फोनवर सांगत होते, “बांस लेके आ, जल्दी. और सुन, भाऊ थोडे लंबे थे.”

होते?

“अहो पाटील,” मी पुडा खाली ठेवून उठून उभा राहिलो, “हे चाललंय काय?”

पाटीलवहिनींनी मागे वळून बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की झाडावरचे कावळे उडाले. जसोंडीचे सोयरे माझ्यापासून लांब सरकता सरकता जिलेबीच्या पुड्यावर बसले.

“भाऊ, तुम्ही जिवंत?”

“म्हणजे काय! मी जिलेबी आणायला गेलो होतो!”

पुढे जो गोंधळ झाला तो कुठल्याही लढाईत झाला नसेल. सगळे एकदम बोलायला लागले. सिनेमाचं कळल्यावर आधी हशा झाला, मग राग आला. “हार कशापायी घालता भाऊ सोताच्या फोटोले?” “अरे यार, मैं दुकान बंद करके आया!” भटजी म्हणाले, आलोच आहे तर सत्यनारायण घालून टाका. मग नवाच वाद निघाला. मयताच्या दारावर जाऊन आलं की आंघोळ करावी लागते. पण माणूस जिवंत निघाला तर करायची की नाही? भटजींनी विचार करून सांगितलं, “हातपाय धुतले तरी चालतील.” एवढ्यात जळगावहून माझ्या आक्काचा फोन. ती जीपमध्ये बसून रडत रडत निघाली होती. “आक्का, मी बोलतोय,” म्हटलं, तर तिने फोनच टाकून दिला!

“बरं, झालं ते झालं,” मी हात जोडले. “आलाच आहात तर बसा. सिनेमा फार चांगला आहे. शेवटपर्यंत बसा फक्त.”

पण लोक उठायला लागले. कुणाची मालिका होती, कुणाची केळीची गाडी भरायची राहिली होती, कुणाला त्या आंघोळीची घाई. मेलो होतो तोवर सगळ्यांकडे वेळ होता. अंगण बघता बघता रिकामं झालं. वहिनींनी रिवाजाप्रमाणे आणलेली पिठलं-भाकरी तेवढी राहिली. सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत ना. “आता केलीय तर खाऊन घ्या भाऊ,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. त्यांनाही घरी पाहुणे होते.

मी त्या सतरंज्यांच्या मधोमध एकटा बसलो. इतकं एकटं मला हिच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

मोबाइल पुन्हा वाजला. निखिल होता. रस्त्यात होता. कुणीतरी त्याला कळवलं होतं. आधी तो नुसता रडला, मग मला झापलं, मग हसला.

“बाबा, मी नगरच्या पुढे आलोय,” तो म्हणाला. “मग... आता परत फिरू का?”

कामाचं बघ रे, माझं काय अडलंय, हे वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. मी ते गिळलं, पिठल्याच्या घासाबरोबर.

“फिरू नकोस,” मी म्हटलं. “मी जिवंत असलो म्हणून काय झालं? ये तू!”

तो आला. आक्काही आली, आणि तिने आल्याआल्या माझ्या पाठीत धपाटा घालून माझं जिवंत असणं पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्या लावून घेतल्या आणि निखिलला शेजारी बसवून मी किटलीवाला लावला. तो खांद्याला खांदा लावून बसला. बर्फ पडलं, किटली उकळली, सहा मग मांडले गेले. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं की दोन वर्षांत लागली नव्हती तशी गाढ झोप मला तिथेच लागली.

जाग आली तेव्हा पडदा पांढरा होता आणि निखिल नाक ओढत होता.

“काय रे, शेवट बघून रडलास?”

“शेवट कुठला बघतोय!” तो म्हणाला. “तुम्ही इतके गप्प पडला होतात, की मी सगळा वेळ तुमच्या नाकाशी बोट धरून बसलो होतो.”