खाणीतल्या दगडावर थावरूकाकांचं नाव

बंद पडलेली कोळशाची खाण आता तिकीट काढून बघता येते, असं पेपरात वाचलं आणि मला राहवेना. सोबतीला थावरूकाका. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचे, माझ्या वडिलांचे दोस्त. तरुणपणी त्याच खाणीत कामाला होते. ते नकोच म्हणत होते. फुकटचा गाइड मिळेल म्हणून हट्ट मी केला. आज त्याची लाज वाटते.

जाणाऱ्यांनी वारंगा फाट्यावरून सकाळी सहाची यवतमाळ गाडी धरावी. फाट्यावरच गरम भजी खाऊन घ्या, पुढे चहासुद्धा पाणचट मिळतो. यवतमाळहून वणी, तिथून काळी-पिवळी जीप, आणि रस्ता हाडं खिळखिळी करणारा. काका वाटेत डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, त्यांना गाडी लागली.

तिकीट वीस रुपये, त्यातच हेल्मेट. खाली अंधार, ओल आणि गरजेपेक्षा जास्त बोलणारा गाइड. वर आल्यावर त्यानं दिव्यांची खोली दाखवली. मजुरानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला इथे देऊन दिवा घ्यायचा, काम संपलं की दिवा देऊन बिल्ला परत न्यायचा. पाळी सुटल्यावर ज्याचा बिल्ला खिळ्यावर उरला, तो खालीच राहिला असं समजायचं.

बाहेर, छत कोसळून गेलेल्यांचा दगड आहे. दरवर्षी तिथे फुलं वाहतात म्हणे. मी सहज नावं वाचत गेलो आणि चौथ्या नावावर हबकलो. थावरू हरी, तांडा डोंगरकडा. मागे वळलो तर थावरू हरी हेल्मेट हातात धरून उभे होते.

काका तिथेच खाली बसले. "मला ताप व्हता," ते म्हणाले. "लच्छूला काम लागलं नव्हतं. म्हनलं, माझा बिल्ला घेऊन जा, खाडा नको पडायला."

लच्छू त्यांचा चुलतभाऊ. छत त्याच दिवशी कोसळलं. काका भिऊन गावी पळून आले आणि लच्छूच्या बायकोला, सोनाबाईला, सांगितलं की तो मुंबईला कामाला गेला. तिची साठी उलटली, तरी सवाष्णीच्या पांढऱ्या बांगड्या अजून दंडावर आहेत. लहानपणी आम्ही पोरं तिला ‘मुंबईवाली’ म्हणून चिडवायचो.

परतीच्या गाडीत मी रागानं वेगळ्या बाकावर बसलो. उमरखेडला काका जवळ आले. आता तिला सांगतो म्हणाले, पण तू संगं चल, एकट्यानं जीभ उचलणार न्हाई.

खाण बघायला जावं का, असं कुणी विचारलं तर मी तिकिटाचा दर सांगून विषय बदलतो. तिथे काढलेल्या फोटोंचा रोल अजून कॅमेऱ्यातच पडून आहे.

आम्ही सांगायला गेलो तेव्हा सोनाबाई अंगणात तूर पाखडत होती. काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. ती शिव्या देईल, ऊर बडवेल, असं मला वाटलं होतं. सूप तेवढं थांबलं.

"दगडावर त्याचं नाव न्हाई?"

"न्हाई. माझं हाय," काका म्हणाले.

मग सूप बाजूला ठेवून तिनं मला विचारलं, "वारंग्यावरून गाडी किती वाजता हाय?"

"सकाळी सहाला," मी म्हणालो.