शंभराला तीन

मोजणीदाराचं पाऊल बरोबर एक यार्डाचं होतं. जमीन मोजायच्या खात्यात त्याने अकरा वर्षं साखळी ओढली होती. एकदा साखळी कचेरीतच राहिली, तेव्हा साहेबाने चिडून त्याला नुसतं चालायला लावलं आणि अख्खा माळ त्याच्या पावलांनी मोजून घेतला. दुसऱ्या दिवशी साखळीने पडताळला तर वीतभर फरक. तेव्हापासून त्याला हेच नाव पडलं.

पुढे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, विचारलं, "माझी पिशवी उचलशील का?" त्याने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. बहीण दोघांवर उखडली. "घरात एक वेडा होता तो पुरत नव्हता," म्हणाली, आणि दोघांच्या बॅगा भरून दिल्या.

दाजी पोटासाठी गोल्फ खेळत. हे शेजाऱ्यांना कधीच नीट पटलं नाही. "खेळता ते ठीक आहे हो, पण करता काय?" असं समोरचे काका दर वर्षी विचारायचे आणि दाजी दर वर्षी म्हणायचे, "फिरतो."

चोविसाव्या वर्षापर्यंत ते एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत होते. सभासद निघून गेले की उरलेल्या उजेडात, तेलकट हातांनीच, चेंडू मारत. गवत त्यांना पोटातून माहीत होतं. कुठलं पातं कोणत्या बाजूला झुकतं, कुठे पाणी मुरतं, कुठली जमीन चेंडू परत फेकते आणि कुठली गिळते. मग ते व्यावसायिक झाले. पाच वर्षं लहान टूर, म्हणजे छोट्या स्पर्धांची मालिका, जिथे खेळाडूच एकमेकांना टाळ्या वाजवतात. त्यानंतर मोठी टूर. चौदा वर्षं दर आठवड्याला नवा देश, तसलीच खोली, नळावर वाळत घातलेले तसलेच मोजे. खोलीत ते चेंडू मारायची काठी, क्लब, हवेत फिरवत राहायचे. तीन देशांतले टेबलावरचे दिवे त्यांनी असे फोडले होते. एवढ्या वर्षांत एकच स्पर्धा जिंकली, तीही वादळाने एक दिवस कमी खेळवलेली. बाकी तिसावा, चाळिसावा, कधी दोन दिवसांतच घरी. त्यांचं नाव वर्तमानपत्रात यायचं ते यादीत, बारीक टायपात.

आता ते त्रेचाळीस वर्षांचे होते. वर्षअखेर क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्यांचंच टूरचं कार्ड, म्हणजे खेळायचा परवाना, टिकतं. बाकीच्यांनी विशीतल्या पोरांबरोबर पुन्हा पात्रता फेरी खेळायची. दाजी शेवटच्या स्पर्धेला आले तेव्हा एकशे चारावे होते. "पात्रता फेरी नाही खेळायची," त्यांनी विमानातच सांगून टाकलं होतं. "राहिलं तर राहिलं. नाहीतर यंत्रं आहेतच."

गोल्फमध्ये चेंडू दिसतो, पण अंतर दिसत नाही. ते पिशवी उचलणाऱ्या कॅडीने सांगायचं. सरावाच्या दिवसांत मोजणीदार प्रत्येक मैदान पायांनी मोजून आकडे आपल्या वहीत उतरवायचा. अंतरांची छापील वही सगळ्यांना मिळते, तीही पिशवीत असे, पण बंद. छापील वही वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवणं, असं त्याचं मत होतं.

या वेळी सोमवारपासून त्याची टाच दुखत होती. सकाळी पाय टेकला की खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. त्याने कुणाला सांगितलं नाही. दात आवळून मैदानाचे अठराही होल मोजले.

स्पर्धा सुरू झाली आणि दाजी भलतंच सुंदर खेळू लागले. मोजणीदाराने आकडा सांगावा, दाजींनी त्या आकड्याला पुरणार नाही असा क्लब काढावा, आणि चेंडू जाऊन झेंड्याशेजारी बसावा. मोजणीदार दुसऱ्या कॅडींमध्ये छाती काढून फिरू लागला.

"आमच्या दाजींना त्रेचाळिसाव्या वर्षी मिसरूड फुटतंय," तो म्हणाला.

"काय खायला घालतोस त्यांना?" एका लांबट कॅडीने विचारलं.

"बहिणीच्या शिव्या. तीन वेळा, जेवणानंतर."

चौथ्या दिवशी सतराव्या होलला मोजणीदाराने वहीत बघून सांगितलं, "एकशे पंचावन्न." दाजींनी मारला. चेंडू झेंड्यापासून हातभरावर. उखडलेला गवताचा तुकडा परत बसवायला मोजणीदार वाकला, आणि बोटांना गवताखाली काहीतरी गार लागलं. पाण्याच्या फवाऱ्याचं झाकण. अशा झाकणांवर ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीच्या, मध्यापर्यंतचं अंतर कोरलेलं असतं, आणि आज झेंडाही मधोमधच होता. त्याने माती पुसली. एकशे पन्नास.

त्याने आयुष्यात पहिल्यांदा छापील वही उघडली. पहिला होल, चौथा, नववा. त्याचा प्रत्येक आकडा मोठा होता, शंभराला तीनने. टाच दुखते म्हणून पाऊल आखडलं होतं, म्हणून पावलं जास्त भरली होती. चार दिवस तो खोटं अंतर सांगत होता आणि चेंडू खऱ्या जागी पडत होते.

दाजींनी तो होल ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन संपवला. गुणफलक बदलला. आता शेवटच्या होलला चार लागले तर दाजी शंभरात, पाच लागले तर बाहेर.

अठराव्याकडे जाताना मोजणीदाराने आपली वही पुढे केली. "दाजी, माझी मोजणी चुकलीय. सगळी."

"शंभराला तीन," दाजी म्हणाले.

तो थांबला. दाजी थांबले नाहीत, म्हणून त्यालाही चालावं लागलं.

"टाच ना? डावी. मंगळवारी पहिल्याच होलला चेंडू ग्रीनच्या पलीकडे गेला, तेव्हा तुझ्याकडे बघितलं. मग नऊ होल तुझ्या मागे चाललो."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू पायाकडे बघत चालला असतास. मग कधी तीन चुकले असते, कधी सात. आत्ता नेमानं चुकतोस. नेमानं चुकणारा माणूस बरोबरच असतो. वजा केलं की झालं."

"छापील वही होती की पिशवीत."

"ती मैदान मोजते. मला तुझ्या पावलाची सवय आहे."

मोजणीदाराने पिशवीचा पट्टा खांद्यावर वर सरकवला. तो अकरा वर्षं जमिनीवरून चालला होता, पण कुणी त्याच्या चालण्यावरून असं चाललं नव्हतं. वाऱ्यात, ओल्या गवतात, कार्ड पणाला लागलेलं असताना हा माणूस प्रत्येक फटक्याआधी दुसऱ्याची दुखरी टाच हिशोबात धरत होता, आणि चेहऱ्यावर रेघही नव्हती.

"एक कर," दाजी म्हणाले. "शेवटचा आकडाही वहीत आहे तोच सांग. मला वाचवायला म्हणून आधीच कमी करशील, मी पुन्हा करीन, आणि चेंडू तळ्यात जाईल."

पहिला फटका सरळ गेला. दुसऱ्यासाठी समोर तळं, त्याच्या काठाला चिकटून ग्रीन, आणि झेंडा पुढच्याच कडेला.

"किती?"

वहीत एकशे पंच्याऐंशी होतं. खरं म्हणजे एकशे ऐंशीच्या आत. खरा आकडा त्याच्या जिभेवर येऊन बसला होता. जन्मभर खरं अंतर सांगितलेल्या माणसाला माहीत असून चुकीचं सांगायचं होतं, तेही पाण्यासमोर. त्याने वही मिटली.

"एकशे पंच्याऐंशी," तो म्हणाला.

दाजींनी सात नंबर काढला. सात नंबरने ते एकशे ऐंशी मारतात, वारा नसेल तर. वारा नव्हता. चेंडू वर गेला, इतका वर की काही क्षण तो कुणाचाच नव्हता, मग तळ्याच्या काठापलीकडे दोन पावलांवर उतरला आणि थांबला. दोन पावलं. मोजणीदाराने ती डोळ्यांनी मोजली आणि त्यातूनही तीन टक्के वजा केले, इतका तो हादरला होता.

पुढचे दोन फटके दाजींनी यंत्राचा नट आवळावा तसे मारले, घाई नाही, जोर नाही. चार.

बाकीचे खेळाडू येईपर्यंत तासभर गेला. मग यादी लागली. दाजी शंभरावे.

मोजणीदाराने बहिणीला फोन लावला. "ताई, कार्ड राहिलं."

 ती म्हणाली, "कसे खेळले रे?"

तो सांगायला लागला. टाच, वही, झाकण, तळं. मध्येच अडकला, पुन्हा मागे गेला. जे सांगायचं होतं ते शब्दात बसेना. खिडकीतून त्याला दाजी दिसत होते. सही करून कधीच दिलेल्या गुणपत्रकाच्या आपल्या प्रतीवरचा प्रत्येक आकडा ते बोटाने पुन्हा तपासत होते, पहिल्यापासून, जणू आत्ताच कुणीतरी त्यांच्या हातात दिलेलं अनोळखी माणसाचं पत्रक असावं.

"ऐकतेय मी," बहीण म्हणाली. "पुढे?"