डफडं घेऊन दवाखान्यात

एका जिवंत माणसाला मारायला मी एकदा साठ माणसं, आठ बैलबंड्या आणि एक डफडं घेऊन गेलो होतो. तो माणूस माझा दुश्मन नव्हता. मी त्याला ओळखतही नव्हतो. मला फक्त माझ्या बायकोचा सत्कार करायचा होता!

बायको माझी नर्स. मी चौथी नापास आणि ती नर्स, हे आमच्या केनवडात पुष्कळांना पचलं नाही. ‘परक्या माणसाच्या अंगाला हात लावते बाई,’ म्हणून तिच्या हातचं पाणी न पिणारेही होते. (मी प्यायचो. मला दुसरं कोण देणार?) स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, गावात पटकी आली. शाळेत खाटा टाकून हिनं वीस दिवस गावाचं हागणं-ओकणं काढलं. कोण पाणी पीत नव्हता ते तेव्हा समजलं नाही, सगळेच पीत होते.

साथ गेली आणि पाटील स्वतः आमच्या ओसरीवर आला.

“सखाराम, नर्सबाईचा सत्कार करू. शाल, नारळ, पेढे. मी भाषन देतो. तू फकत बाईले आन.”

“आनतो ना! बायको कोनाची हाय?” मी म्हणालो.

इथं घोटाळा सुरू झाला. हिचा दवाखाना चार कोसांवर. सत्काराच्या आदल्या दिवशी मी आणायला गेलो, तर ही एका अंधाऱ्या खोलीच्या दारात उभी. आत एक गडी निजलेला. गोविंदा नावाचा, तिकडचा धनजचा. पायात कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट घुसलं आणि धनुर्वात झाला. दात घट्ट बसलेले, अंग धनुष्यासारखं वाकलेलं. त्याची म्हातारी माय भिंतीला टेकून बसलेली.

“मी येत नाई,” बायको हळू आवाजात म्हणाली. “चार दिवस झाले, त्याले झटके येऊन राह्यले. मी इथून हलली तं हा जाईल.”

“अवं, दोन घंट्याची तं गोठ हाय! पाटलानं शाल आनली.”

“ते पाटलालेच पांघरा.”

त्यापुढंही ती बरंच काही सांगत होती. उजेड, आवाज, असं काहीतरी. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, की ही दवाखाना सोडत नाही. मग वाटेतच मला अक्कल सुचली (एरवी ती माझ्या वाटेला जात नाही). बाई सत्काराला येत नसेल, तर सत्कारच बाईकडे न्यायचा!

गावाला कल्पना बेहद्द आवडली. सकाळी आठ बंड्या निघाल्या. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, पुढं डफडेवाला, मधे पाटील, आणि सगळ्यांच्या पुढं गुलाबी फेटा बांधून मी. दवाखान्याच्या फाटकाशी आलो तसा मी डफडेवाल्याला म्हणालो, “मार गड्या ताकदीनं! मेलेला मानूस उठून बसला पाह्यजे!”

त्यानं मारलं.

आतून खाट भिंतीवर आपटल्याचा आवाज आला आणि म्हातारीची किंकाळी. मग अनवाणी धावत बायको बाहेर आली. ओरडली नाही. तिनं सरळ डफड्यावर पंजा ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली,

“कायचाबी आवाज झाला तं त्याले झटका येते. आनखी एक जोराचा आला तं तो मरते. कोनं आनलं हे सारं?”

साठ बोटं माझ्याकडं वळली. एकाच वेळी! इतकी शिस्त आमच्या गावात ना त्याआधी दिसली ना त्यानंतर.

ती आत गेली. आता आम्ही अडकलो. परत जावं तर बंड्यांची चाकं कुरकुरतात, थांबावं तर घुंगरं वाजतात. मी एकेका घुंगरात गवत कोंबत बसलो. पाटलाला भाषण गिळवेना, म्हणून तो नुसते ओठ हलवून बोलला. लोकांनी नुसत्या माना डोलवल्या. त्याचं इतकं चांगलं भाषण मी कधी ऐकलं नाही! तेवढ्यात एक कुत्रं भुंकलं. मी पेढ्यांची टोपली घेऊन पळालो, एक पेढा टाकला, ते गप्प झालं. मग दुसरं आलं. ही बातमी कुत्र्यांत फार लवकर पसरते. दुपारपर्यंत तीन शेर पेढे कुत्र्यांनी खाल्ले आणि शिंक आली म्हणून आमच्या एका म्हाताऱ्यानं तोंड कडब्यात खुपसलं.

उन्हं खिडकीवर आली तशी बायको पुन्हा बाहेर आली. सरळ पाटलासमोर. पाटलाला वाटलं, आली घडी! त्यानं दोन्ही हातांनी शाल पसरली. हिनं ती ओढून घेतली, आत गेली आणि खिडकीवर टांगली. खोलीत अंधार झाला. तोच सत्कार.

आम्ही कोणी घरी गेलो नाही. माझी तर छाती डफड्यासारखी वाजत होती. तो गडी गेला असता तर मी त्या म्हातारीला काय तोंड दाखवलं असतं?

दिवस बुडता बुडता ही दारात आली.

“चमचाभर पानी गेलं घशाखाली,” म्हणाली. “आता जगते.”

पाटील मुकाट्यानं रडला. मीही रडलो, फेट्याचा शेमला तोंडात कोंबून, आवाज होऊ नये म्हणून.

पुढं चाळीस वर्षं ती लोकांना सांगायची, “मले जिंदगीत दोनच पेशंट असे भेटले, का ज्यायच्यावरून नजर हटवता येत नव्हती. एक तो गोविंदा. तो तं महिन्याभरात चालत घरी गेला.” दुसऱ्याचं नाव ती घ्यायची नाही. नुसती माझ्याकडं बघायची आणि लोक हसायचे.

गेल्या पौषात ती गेली. दुसऱ्या पेशंटवर आता कोणाचा पहारा नाही. काल त्यानं चुलीवर दूध ठेवलं आणि तो वावरात निघून गेला.