पारनाक्याहून खाडीकडे, आईच्या मागून

"रविवारी कल्याणला चल माझ्याबरोबर. जुन्या गावातून पायी फिरायचं. रस्ता मोबाईल सांगतो," आई म्हणाली. बाबा गेल्यावर सिन्नरचं ब्लाउज शिवायचं दुकान बंद करून ती आमच्याकडे मानपाड्याला आली, त्याला दीड वर्ष झालेलं. आधी काही महिने ती नुसती बाल्कनीत उभी असायची. मग दुपारी भजनी मंडळात जाऊ लागली, आणि मला जरा हायसं वाटलेलं.

खरं तर मला यायचं नव्हतं. ऑफिसचं अर्धं काम घरी पडलेलं, मुलाची परीक्षा तोंडावर. टिळक चौकात रिक्षातून उतरलो तेव्हापासून माझं लक्ष घड्याळात. आईने मोबाईल कानाला लावला आणि सरळ चालू लागली. जुन्या घरांच्या लाकडी कठड्यांपाशी ती थांबायची, मोबाईलमधली बाई काय सांगते ते ऐकायची, मान डोलवायची. मी दोन पावलं पुढे जाऊन परत मागे यायचे.

"आई, थोडं पटपट."

"तुला कुठे गाडी पकडायचीय?"

पारनाक्याच्या पुढे एका बोळात शिवणकामाचं छोटं दुकान होतं. मशीनवरच्या बाईने मान वर केली आणि हसून म्हणाली, "मावशी, आज लेकीला आणलंत का?"

मी आईकडे बघितलं. आई साडीचा पदर सारखा करत होती.

"तू इथे आधी आलेलीस?"

"चल, पुढे सांगते."

पुढे म्हणजे कुठे, ते सांगेना. तलाव झाला, दूधनाका झाला. मोबाईल उजवीकडे वळा म्हणत होता, आई डावीकडे वळली, कारण त्या गल्लीत सावली होती. ऊन चढलेलं. माझ्या डोक्यात नाही नाही ते येत होतं. कुणी हिला फसवलं तर नसेल? आमच्या घरी हिला कोणी काही बोललं का?

दुर्गाडी किल्ल्याच्या खाली, घाटाच्या पायऱ्यांवर आई बसली. समोर खाडी, पलीकडे पुलावर ट्रकांची रांग. पाण्याला चिखलाचा वास येत होता.

"भजनाला मी दोनदाच गेले," ती म्हणाली. "नंतर इकडेच येत होते. आधी फिरायला. मग त्या दुकानात बसायला लागले. तिच्याकडे दुसरं मशीन रिकामं आहे. वरची खोलीपण रिकामी आहे. मी तिथे राहणार आहे."

"आमचं काय चुकलं?"

"काही नाही गं. जावई आई आई करतात, नातू जीव लावतो. पण तुझ्या घरात दिवसभर माझे हात रिकामे असतात. मी वेडी होईन."

मी तिथेच रडले. रागाने जास्त. लोक काय म्हणतील हे मी बोलले, तुझे गुडघे हेही बोलले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? आता खोली बघायला येतेस?"

खोली बघितली. जिना अरुंद होता, पण कठडा धड होता. खिडकीतून कौलं दिसत होती आणि एक शेवगा.

पुढच्या महिन्यात आम्ही तिची गादी आणि दोन ट्रंका टेम्पोतून नेल्या. नवरा म्हणाला, पावसाळ्याआधी येतील परत. दोन पावसाळे झाले. गुडघे दुखतात तेव्हा ती दुकानातच झोपते, हे मला त्या दुकानवाल्या बाईकडून कळतं.

मी अजून दर दुपारी फोन करते. मशीनचा आवाज येत असतो. "जेवलीस का?" एवढं विचारून होईपर्यंत ती म्हणते, "गिऱ्हाईक आलंय," आणि ठेवून देते. मग मीच घरभर फिरत राहते, बाल्कनीपासून ओट्यापर्यंत, कामात मन लागेपर्यंत.