बैठक खाली उतरली

काकू शिवणकाम करतात. सुई हातात एक आणि जिभेवर दुसरी, त्यामुळे गल्लीत त्यांना सगळे जपून असतात. त्यांचे यजमान बसचे कंडक्टर. जन्मभर बोलून पोट भरलेल्या या माणसाची अर्धांगवायूच्या झटक्यात वाचाच गेली. काका घरी भिंतीकडे बघत बसायचे.

सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर गल्लीतल्या बायकांची संस्था अशा आजाऱ्यांना सकाळभर सांभाळते. खोली आणि व्यायाम शिकवणारी ताई सरकारी, बाकी हात बायकांचे. तिथे काका निदान माणसांकडे तोंड करून बसू लागले. काकूंना तेवढंही खूप होतं.

आणि हीच खोली औषधांच्या खोक्यांना द्यायचं वरच्या मजल्यावर घाटत होतं. त्याच्या बैठका नेहमी अकराला, म्हणजे बायका कुणाला भरवत, कुणाला चालवत असायच्या नेमक्या तेव्हा. त्या एकदाही जाऊ शकल्या नाहीत. वरचे म्हणत, संस्थेला सोयरसुतक नाही. खालच्या म्हणत, साहेबलोकांना आपण नकोच आहोत. निर्णयाच्या बैठकीला मात्र काकूंचं डोकं फिरलं.

"आजाऱ्यांना सोडून जाता येत नाही ना? मग घेऊनच जाऊ."

काठ्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, अशी वरात निघाली. लिफ्ट बंद होती. सगळं लटांबर जिन्यापाशी अडकलं. शिपायाने वर वर्दी दिली, तशा दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर मॅडम स्वतः खाली आल्या आणि त्यांच्यामागून अख्खी बैठकच उतरली. मुंगीला शिरायला जागा उरली नाही. सगळे एकदम बोलू लागले.

"पुढे सरका."

आवाज जाडाभरडा होता, पण काकूंनी तो लगेच ओळखला. मॅडम निमूट दोन पावलं पुढे सरकल्या. काकू मटकन पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या.

मॅडम त्यांच्या शेजारीच टेकल्या. म्हणाल्या, "दर बैठकीत मीच खोकी थोपवून धरत होते. संस्थेची माणसं येतील, ऐकून तरी घ्या, म्हणायचे. आणि तुमच्या खुर्च्या रिकाम्या."

वर आपलं कुणीतरी भांडत होतं आणि आपण त्यांनाच नावं ठेवत होतो, या विचाराने काकू ओशाळल्या. त्यांनी मॅडमचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

खोली राहिली. बैठक आता तिथेच भरते, अकरालाच. वादावादी होतेच, पण मॅडमच्या खुर्चीवर काकूंनी शिवलेली गादी असते.

काकांचे शब्द अजून तेवढे दोनच आहेत. घरी काकू मुद्दाम त्यांच्या वाटेत उभ्या राहतात.