उजेड मोजणारी पट्टी

गणपतीचे डोळे आखत मी हमरापूरच्या कारखान्यात तीस वर्षं बसले. त्याआधी मिठागरावर होते. नवरा गेला तशी इकडं आले. शाळा दुसरीपर्यंत.

दोन वर्षं झाली, मूर्तीचा उजवा डोळा डाव्याहून वर जायला लागला. शेठ म्हणाला, "मावशी, देव तिरळा दिसतो."

"उजेड कुठं हाय? दारावर पत्रा तूच टाकलास."

त्यानं पत्रा काढला. मग बल्ब लावला, मग दुसरा. मी आपली, अजून कमी हाय. आखणीवरून उठवलं की पॉलिशपेपर घेऊन नव्या पोरींबरोबर घासायला बसायचं, हे मला ठाऊक होतं.

माझी नात रोह्याला कॉलेजात वायरी जोडायला शिकते. रविवारी आली ती काडेपेटीएवढी पट्टी घेऊन. वर मसुराएवढा ठिपका, त्यात नागमोडी रेघ. रेघ बाकी सुबक होती.

"आजी, ह्या चिपमधी मी लिहून भरलंय. उजेड वाढला की सूर चढतो, सावली आली की उतरतो." हात वरखाली करून तिनं आरतीची चाल काढली.

शेठ खूश. "ठेव मावशीच्या पाटावर. बघू किती कमी हाय उजेड."

ठेवली. पट्टी अशी किंचाळली की दारातलं कुत्रं उठून गेलं.

"आजी, इथं तर सगळ्यात वरचा सूर!"

मी हळूच अंगठा ठिपक्यावर टेकवला. सूर खाली बसला. अंगठा उचलला तरी खालीच. "बघा," म्हटलं, "सांगत होते मी."

शेठनं पट्टी अंगणात भर उन्हात नेली. तिथंही ती घुंघुं करीत राहिली. नातीनं उलटीपालटी केली, ओढणीनं ठिपका पुसला, तर ओढणीला काळा रंग. पट्टी परत किंचाळली. मग दोघांनी माझ्या अंगठ्याकडं बघितलं.

"आजी गो," नात म्हणाली, "पट्टीच्या डोळ्यावरचं तर पुसलं. तुला कधीपासून दिसत नाय?"

"दिसतं की. धुकं असतं जरा."

"मे महिन्यात?" शेठ म्हणाला.

मी अंगठा पदराला पुसला. शेठनं माझा ब्रश धुतला नि डब्यात उभा ठेवला. "मोतीबिंदू काढून ये. ब्रशाला कुणी हात लावणार नाय."

पेणच्या दवाखान्यानं सोमवार दिलाय. तोवर सोंडा घासते. सोंडेला नजर लागत नाय, बोटं पुरतात.