बुरशी विकत आणणारी सून

"विकत आणलीस? बुरशी?" आबांनी चहाचा कप खाली ठेवला. आबा म्हणजे माझे सासरे.

कळंबला आमच्या रानात मका गुडघ्याला आली होती आणि तिच्या पोंग्यात, कोवळ्या पानांच्या गाभ्यात, लष्करी अळी शिरली होती. ही मका गाईंची. तिचाच मुरघास करून वर्ष काढायचं, दुसरा चारा नाही. आबांना नेहमीचं जहाल औषध मारायचं होतं. गाईंच्या पोटात जाणाऱ्या चाऱ्यावर विष नको, म्हणून मी अडून बसले. शेवटी आबा म्हणाले, "मार तुझी बुरशी. पर मका गेली तर गाई इकाव्या लागत्याल, ध्यानात ठिव."

लग्नाआधी मी बारामतीला एका प्रयोगशाळेत होते. हीच बुरशी अळ्यांवर सोडायची आणि मग अळ्या वाटून आत काय झालंय ते तपासायचं, हे माझं काम. बुरशी कातडीला चिकटते, भोक पाडून आत उतरते. मग अळीच्या अंगात प्राणवायूचीच अशी दाहक रूपं साठत जातात की तिच्या पेशी होरपळतात. आधी अळी नेट धरते, आग विझवणारी द्रव्यं भराभर बनवते. ती पुरेनाशी झाली की तिचं खाणं सुटतं. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. आबांना मी एवढंच सांगितलं, की वरून काही दिसत नाही, पण ती आतल्या आत जळत असते. ते उठून डाळिंबाच्या बागेकडं निघून गेले.

रानाला पाणी दिलं आणि ऊन कलल्यावर फवारलं. तिथून पुढं माझ्या जिवाला चैन नाही. भाकरी तव्यावर टाकून मी रानात, धार अर्धी सोडून मी रानात. पोंगा उघडावा तर अळी मजेत खातेय, भुशासारखी घाण टाकतेय. प्रयोगशाळेत वाट बघणं सोपं होतं, तिथं दावणीला गाई नव्हत्या. आबा नुसते बघायचे. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मग एका सकाळी विहिरीकडच्या तासांत, म्हणजे ओळींत, अळ्या ताठ होऊन पानाला चिकटलेल्या सापडल्या. अंगावर पांढरी बुरशी, काहींवर हिरवट झाक. मला नाचावंसं वाटलं. पण बांधाकडच्या तासांत गेले तर तिथं अळ्या धडधाकट, पोंगे चाळण झालेले. एकाच दिवशी, एकाच पंपानं मारलेलं. पानं नीट बघितली तर त्यांवर डाळिंबावर असतात तसे बुरशीनाशकाचे निळसर डाग. बांधापलीकडं आबांची बाग आहे.

माझं डोकंच फिरलं. "आबा, तुमी मारलं ना? माझी बुरशी मारली तुमी. आता गाईंना काय घालायचं?" तोंडाला येईल ते बोलले.

आबा बांधावर बसले. "व्हय, मारलं. तू फवारलंस तवा वारं बागंकडं व्हतं." मग म्हणाले, "पैली बाग मर रोगानं गेली. मुळातच बुरशी व्हती. वरनं हिरवीगार दिसायची आन् आतनं खलास. तू म्हणलीस ना, वरनं दिसत न्हाय, आतल्या आत जळतंय. तवापास्नं झोप न्हाय मला."

ही बुरशी झाडाच्या वाटेला जात नाही, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला ते इतकं माहीत होतं की सांगायचं सुचलंच नाही. तेव्हा सांगितलं. त्यांनी एक ताठ अळी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली.

"गाई ऱ्हात्याल का?"

"ऱ्हात्याल. बांधाकडं परत मारावं लागंल."

पंप त्यांनीच घासून धुतला आणि बांधाकडच्या तासांत स्वतः फवारलं. मान मात्र सारखी बागेकडं वळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आधी मकेकडं गेले नाही. बागेत गेले आणि बांधालगतच्या डाळिंबाचं मूळ उकरून बघितलं.